अंगात ऋतू घेऊन हिंडणारा सरडा

सरड्याचं रक्त थंड असतं, हे आपण सगळेच शाळेत शिकलो, आणि ते खोटं नाही. ऊन खाल्लं की तो तापतो, सावलीला गेला की निवतो, आणि पहाटे हात लावाल तर गार लागतो. पण दक्षिण अमेरिकेत टेगू नावाचा एक दांडगा सरडा आहे, अंगावर काळे-पांढरे पट्टे मिरवणारा, नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत चार-साडेचार फूट भरणारा. हा गडी वर्षातला बराचसा काळ सरड्यांचा हा नियम नेमाने पाळतो आणि विणीचा हंगाम आला की खुशाल मोडतो. कसा मोडतो ते सांगणारच आहे, पण आधी टेगू नीट पाहायला हवा. हल्ली शहरागावांतली पोरं मोबाइलवर त्याची चित्रं दाखवून ‘असा पाळायचाय’ म्हणतात, आणि आमच्या कुंभकोणमसारखं कावेरीकाठचं जुनं गावही त्याला अपवाद राहील असं नाही.

अंड्यातून निघालेलं टेगूचं पिल्लू वीतभर असतं आणि त्याचं डोकं पोपटी हिरवं असतं. धड काळसर, डोकं मात्र हिरवंगार, की वाटावं दोन वेगळ्या जिवांचे तुकडे कुणी जोडलेत. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, हा हिरवा रंग ओसरतो आणि पुन्हा जन्मात येत नाही. मोठ्या टेगूची कातडी जवळून पाहावी. आजीच्या काचमण्यांच्या पिशवीवर जसे मणी ओळीत गच्च बसवलेले असतात, तसे पाठीवरचे खवले एकाला एक लागून बसलेले असतात, आणि कात टाकायच्या आधी त्या सगळ्यांवर दुधाळ झाक येते. नर वयात आला की त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजू फुगून गाल येतात. ते चरबीचे नाहीत, चावा घेणाऱ्या स्नायूंचे आहेत, म्हणून कौतुकाने बोट पुढे करू नये. आणि जीभ! दुभंगलेली, लांब, गुलाबी, सारखी आत-बाहेर होणारी. ती वास वेचते. हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण दोन टोकांवर गोळा करून टाळूतल्या एका खास इंद्रियापाशी पोचवते, आणि डाव्या टोकावर वास जास्त आहे की उजव्या, यावरून त्याला सावज कुठल्या बाजूला गेलं तेही उमगतं.

हे वर्णन ऐकून आपल्याकडचा माणूस म्हणणार, की ही तर घोरपड! तसं म्हणणाऱ्याचं काही चुकलं नाही. तीच चाल, तीच जीभ, तेच नखांनी उकरणं, अंडी चोरण्याची तीच खोड. पण नात्याने पाहाल तर या दोघांचा एकमेकांशी फारच दूरचा संबंध. दोघांची घराणी वेगळी होऊन दहा कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. घोरपडीचं घराणं आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात नांदलं, टेगूचं अमेरिकेत. मधे अख्खा महासागर. तिकडे घोरपड नाही, इकडे टेगू नाही. पण दिवसा हिंडायचं, मिळेल ते खायचं, बिळात राहायचं हा जो संसार आहे तो दोन्हीकडे सारखाच, आणि तोच संसार पिढ्यान् पिढ्या करता करता दोघांचं रूपही एक होऊन गेलं.

आणि गंमत अशी, की रूप एक झालं तरी आतली युक्ती वेगळीच राहिली. सरड्यांची एक जुनी अडचण आहे. ते धावतात ते अंग डावी-उजवीकडे वळवत, आणि श्वास घ्यायला ज्या बरगड्यांचे स्नायू लागतात तेच धावण्यातही लागतात, म्हणून बहुतेक सरडे जरा पळतात आणि थबकतात. तुम्ही पाहिलं असेल, कुंपणावरचा सरडा सुळकन पळतो आणि मधेच थिजल्यागत उभा राहतो. घोरपडीने यावर तोड काढली ती गळ्याची. पळताना ती गळा फुगवून हवा फुप्फुसात ढकलते, आणि तिची ही करामत १९९९ साली शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या चित्रफितीत टिपली. टेगूने दुसरीच वाट धरली. त्याच्या यकृतामागे एक पडदा असतो, जो आतडी मागच्या मागे थोपवून धरतो आणि फुप्फुसांना फुगायला जागा ठेवतो. म्हणजे दुखणं एक, वैद्य दोन, आणि दोघांच्याही हाताला गुण.

घोरपडीची गोष्ट निघाली की मराठी घरात तानाजी निघणारच. १६७० साली कोंढाण्याच्या कड्यावर यशवंती नावाची घोरपड दोर घेऊन चढली, ही कथा आमच्या इथे तंजावर मुलखातल्या मराठी घरांतही आजीच्या तोंडून मुलांना ऐकायला मिळते, तीन-साडेतीन शतकं कावेरीचं पाणी पिऊनही. इतिहासकार या कथेला मान डोलावत नाहीत ते सोडा, पण घोरपडीची पकड मात्र खरीच. ती नुसत्या नखांवर नसते. दगडाच्या फटीत शिरून ती अंग फुगवते आणि स्वतःला पाचर मारून बसते, मग ओढणाऱ्याने कितीही ओढावं. तमिळ माणूसही हट्टाला पेटलेल्याबद्दल बोलताना घोरपडीचीच पकड आठवतो. ज्या घोरपडे घराण्याच्या नावामागे असाच गड चढल्याची दंतकथा सांगतात, त्याच घराण्यातल्या मुराररावांकडे १७४१ ते १७४३ या काळात तिरुचिरापल्लीचा किल्ला होता. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, याच कावेरीच्या काठी.

आता टेगू आपल्याला कुणी दाखवला, तेही ऐका. १६९३ साली तंजावरच्या शहाजीराजांनी कुंभकोणमजवळ तिरुविशनल्लूर गाव विद्वान मंडळींना इनाम दिलं आणि त्याला शहाजीराजपुरम नाव पडलं. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे ते पंडित तिथे पोथ्या लिहीत बसले असतानाच, मारिया सिबिला मेरियन नावाची पन्नाशी ओलांडलेली एक जर्मन चित्रकर्ती आपल्या धाकट्या मुलीला घेऊन गलबतात बसली आणि दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला निघाली. कशासाठी? तर किडे पाहायला! सुरवंटाचं फुलपाखरू कसं होतं हे झाडाशी बसून, रोज पाहून, रंगवायला. त्या काळी बाईमाणसाने एवढा समुद्र ओलांडायचा, तोही अळ्यांसाठी, म्हणजे लोकांनी काय म्हटलं असेल! १७०१ मध्ये आजारपणामुळे ती परतली, पण तिच्या कुंचल्याने तिथले सरडे, सुसरी, सापही टिपले. तिने रंगवलेला टेगू आजही पाहायला मिळतो, आणि काळ्या-पांढऱ्या टेगूच्या शास्त्रीय नावात तिचंच नाव आहे, ‘साल्व्हाटोर मेरियानी’.

आपल्याकडेही जगाची माहिती अशी रसाळ करून सांगायची रीत जुनी आहे. दुसरे सरफोजीराजे, ज्यांनी १७९८ ते १८३२ तंजावरची गादी सांभाळली, त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक रचलं, आणि त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला भविष्याऐवजी पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. देशांची नावं, समुद्र, नद्या, सगळं गाण्यात. मला ही कल्पना फार आवडते. हात बघणारी बाई आली आणि नकाशा सांगून गेली!

तर आता त्या मोडलेल्या नियमाकडे येऊ. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यात रिओ क्लारो नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात टेगू उघड्या आवारात, मातीत, ऊन-पावसात राहतात. कॅनडातले ग्लेन टॅटरसॉल आणि ब्राझीलमधले त्यांचे सहकारी यांनी काही टेगूंच्या अंगात तापमान नोंदवणारी लहानशी यंत्रं बसवली आणि वर्षभर नोंदी होऊ दिल्या. बाकीच्या काळात सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पण तिकडचा वसंत लागला, नर-माद्या जोड्या जमवू लागल्या, अंडी तयार होऊ लागली, आणि नोंदी विचित्र दिसू लागल्या. पहाट व्हायची आहे, सूर्य उगवायला अवकाश आहे, टेगू रात्रभर बिळात आहे, म्हणजे तो बिळाइतकाच गार असायला हवा. आणि त्याचं अंग बिळाहून कधीकधी १० अंश सेल्सिअसने गरम! ऊन नाही, तापलेला दगड नाही, म्हणजे ही ऊब बाहेरून आलेलीच नाही. शरीर आतल्या आत जास्त इंधन जाळतंय आणि तयार झालेली ऊब बाहेर जाऊ देत नाही. २०१६ साली हे छापून आलं तेव्हा जाणकारांची झोप उडाली, कारण पक्ष्यांचं आणि आपलं, सस्तन प्राण्यांचं, रक्त गरम कसं झालं असावं या कोड्याचा एक धागा इथे हाती लागतो. कदाचित आधी विणीपुरतीच ऊब आली असेल, अंडी-पिल्लांच्या सोयीसाठी, आणि पुढे कधीतरी ती कायमची मुक्कामाला राहिली असेल.

पण वसंतात तापणारा हाच टेगू हिवाळ्यात काय करतो? झोपतो. आणि साधं नव्हे, महिनोन् महिने. बिळात शिरतो, बिळाचं तोंड मातीने बुजवून घेतो, खाणं बंद, हिंडणं बंद, काळजाचे ठोके मंद. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून आपल्याकडे वैशाखाचं ऊन पेटतं, अक्षय्य तृतीयेला लोक माठ दान करतात, त्या सुमारास तिकडे टेगू निजायला जातो. आपल्या गणपतीच्या आगेमागे तो बिळातून डोकं बाहेर काढतो, आणि नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत त्याचं अंग आतून तापलेलं असतं. हे वेळापत्रक तो कुठे लिहून ठेवत नाही, ते त्याच्या शरीरातच आहे. पाळलेल्या टेगूला वर्षभर सारखा उजेड, सारखी ऊब आणि भरपूर खाणं दिलं, तरी हिवाळ्याची त्याची वेळ आली की तो सुस्तावतो, खाणं टाकतो, माती उकरून आत जातो, असा पाळणाऱ्यांचा सर्रास अनुभव आहे. टेगू पाळणं म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी सांगेन, की त्याच्या देशाचं वर्ष पाळणं. पिंजरा, दिवा, खाणं हे सगळं त्या वर्षाच्या पोटात येतं.

आता कुंभकोणमचं वर्ष पाहा. उन्हाळा कडक, ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस धो धो, आणि थंडी म्हणाल तर नावापुरती. मार्गळी महिन्याच्या पहाटे लोक मफलर गुंडाळून देवळात जातात खरे, पण पारा विसाच्या खाली क्वचितच उतरतो. म्हणजे टेगूला दमट हवा आणि ऊन हे दोन्ही इथे फुकट, थंडी मात्र विकतही मिळायची नाही. अशा गावात तो पूर्ण झोपेलच असं नाही. अर्धवट झोपेल, दोन आठवडे दिसणार नाही, मग एक दिवस येऊन पाणी पिईल, पुन्हा जाईल. धन्याचा जीव वर-खाली होणार. त्या वेळी उकरून बाहेर काढायचं नाही, तोंडासमोर खाणं धरून आग्रह करायचा नाही. ताजं पाणी ठेवायचं आणि अधूनमधून वजन करून पाहायचं. निजणाऱ्या टेगूचं वजन फारसं घटत नाही, आजारी टेगूचं झपाट्याने घटतं. आणि जो मुळात रोडका किंवा दुखणाईत आहे त्याला झोपेला जाऊच देऊ नये, आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावा. आपल्याच जिल्ह्यात ओरत्तनाडला २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सरपटणाऱ्यांचा अनुभव असलेला डॉक्टर कुठे मिळेल याची चौकशी जनावर घरी आणायच्या आधी करायची असते, नंतर नव्हे.

राहायला जागा किती? दुकानदार काचेची पेटी दाखवतो, कारण पिल्लू वीतभर असतं. पण हे पिल्लू पहिल्याच वर्षात दोन-तीन फुटांवर जातं आणि पुढे पंधरा-वीस वर्षं जगतं. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, ही मोठ्या टेगूची किमान खोली समजा, आणि त्यातही पायाखाली फूटभर तरी ओलसर माती, कारण उकरणं हा त्याचा धर्म आहे. एका टोकाला ऊन खायची जागा, तिथला दगड ४५ ते ५० अंशांपर्यंत तापलेला, आणि दुसऱ्या टोकाला पंचविशीतला गारवा, म्हणजे तो आपल्या मनाने इकडून तिकडे जाऊन अंग हवं तेवढं तापवेल. आमच्याकडच्या जुन्या घरांना मागे परस असतो, विहीर असते, केळी असतात. तिथे भिंत घालून आवार केलं तर त्याहून उत्तम काही नाही. मात्र भिंत जमिनीखालीही दीड-दोन फूट न्यावी, नाहीतर एका रात्रीत नव्हे, कारण रात्री तो झोपतो, पण एका दुपारी नक्की पसार होईल. सावली हवीच, आणि अंग बुडेल एवढं पाण्याचं पसरट टाकं हवं. काचेच्या पेटीत ठेवून ती उन्हात नेणं हा मात्र घात आहे. काच उन्हातले अतिनील किरण अडवते आणि उष्णता कोंडते, म्हणजे हवं ते बाहेर राहतं आणि नको ते आत साठतं, आणि वैशाखातल्या दुपारी तर अर्धा तासही पुरे होतो.

ते अतिनील किरण एवढे का हवेत? त्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यामुळे खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं, आणि नाही लागलं तर शरीर आपल्याच हाडांतून ते ओढून घेतं. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, शेपटीला गाठी येतात. पाळलेल्या सरड्यांचं हे फार ओळखीचं दुखणं आहे आणि त्यात जनावराचा काडीचा दोष नसतो. घरात ठेवला असेल तर अतिनील किरणांचा खास दिवा लागतो, आणि तो पेटत असला तरी त्यातले किरण क्षीण होतात, म्हणून वरचेवर बदलावा लागतो. अंगणात ऊन असेल तर सूर्य हे काम बिनबोभाट करतो.

खाण्याच्या बाबतीत टेगूसारखा पाहुणा विरळा. किडे, गोगलगायी, उंदीर, मासे, अंडी, पपई, केळं, अंजीर, काही सोडत नाही. पिल्लाचे दात टोकदार, पण वय वाढेल तसे मागचे दात बोथट आणि रुंद होतात, आणि मग गोगलगाय शंखासकट कुडूम. अंडं दिसलं की त्याचं वागणं पाहण्यासारखं असतं. आधी जीभ चारी बाजूंनी फिरते, मग तो जबड्यात अंडं धरतो, मान वर करतो, टचकन आवाज येतो, आणि बलक गळ्यातून उतरेपर्यंत तो डोळे मिटून थांबतो. पण रोज कच्चं अंडं देऊ नये. कच्च्या पांढऱ्यात एक द्रव्य असतं जे बायोटिन नावाचं जीवनसत्त्व बांधून ठेवतं. शिजवलं की ते द्रव्य निकामी होतं, म्हणून उकडून द्यावं. पिल्लाला जवळजवळ रोज खायला लागतं, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. लाडाने रोज भरवलेला टेगू लठ्ठ होतो, आणि लठ्ठ सरड्याचं यकृत लवकर दगा देतं.

माणसाळतो का? माणसाळतो, आणि तेच तर वेड लावणारं आहे. रोज ठरल्या वेळी शांत बसलात, हात वरून न आणता बाजूने जमिनीलगत पुढे केलात, तर काही महिन्यांत तो आपण होऊन जवळ येतो, हाताला जीभ लावून ओळख पटवतो, मांडीजवळ ऊब घेत पसरतो. घोरपडीच्या तुलनेत त्याचा स्वभाव पुष्कळ निवांत. मात्र वयात आलेला नर विणीच्या दिवसांत ओळख विसरतो, तेव्हा त्याला त्याच्या जागी राहू द्यावं. शेपटीला धरायचं तर कधीच नाही. टेगू जिवावर बेतलं की शेपटीचा तुकडा सोडून देतो, नवी उगवते ती बेरंगी आणि आखूड. घोरपडीला ही सोय नाही, तुटली ती तुटली. आणि हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, कारण अशा जिवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. घरात तान्हं मूल असेल तर हा पाहुणा आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर फर्नांडो दि नोरोन्या नावाचं एक सुंदर बेट आहे. तिथे उंदीर फार माजले, तेव्हा गेल्या शतकात कुणाला तरी सुचलं, की टेगू आणून सोडा, तो उंदीर खाईल. सोडले. पण टेगू हिंडणार दिवसा आणि उंदीर बाहेर पडणार रात्री! दोघांची गाठ पडेना. टेगूंनी मग पक्ष्यांची आणि कासवांची अंडी शोधली आणि सुखाने संसार थाटला, उंदीर आपल्या जागी राहिले. पलीकडे अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पाळलेले टेगू निसटले, काही कंटाळलेल्या धन्यांनीच सोडून दिले. आज तिथे ते रानात वाढताहेत आणि तिथल्या मगरींच्या घरट्यांतलीसुद्धा अंडी पळवतात. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने टेगूला बंदी घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं.

आता हे आपल्या खोऱ्यात धरून पाहा. इथे हिवाळा नाही, पाणी भरपूर, भाताच्या खाचरांत उंदीर-बेडूक, तळ्याकाठी वडुवूरसारखी पाणपक्ष्यांची अभयारण्यं, कुंभकोणमपासून जवळच अणैकरैला कोळ्ळिडम नदीच्या पात्रात मगरी. जो टेगू हातातून सुटला त्याला इथे काहीही कमी पडणार नाही, आणि ज्या घोरपडीने हा प्रांत लाखो वर्षं सांभाळला तिच्या ताटात वाटेकरी येईल. म्हणून ‘आता नको झाला, कावेरीकाठी सोडून देऊ’ हा विचार मनातही आणायचा नाही. झेपत नसेल तर वनखात्याला कळवावं.

कायद्याचंही ऐकून ठेवा, कंटाळवाणं असलं तरी. टेगू आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असेल तर ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला तरी कळवावं लागतं. चेन्नईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांतून सरडे, कासवं, माकडांची पिल्लं निघाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मोज्यात गुंडाळून, अन्नपाण्याविना आणलेला तो जीव आधीच निम्मा मेलेला असतो. कागद न दाखवता कुणी स्वस्तात टेगू देऊ केला तर तो कुठून आला असेल हे उघड आहे. घोरपडीचा तर प्रश्नच नाही. ती पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. पाळणं, पकडणं, मारणं, कातडं बाळगणं, सगळ्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

एवढा कडक कायदा का लागला, तर या बिचारीच्या मागे लागलेले हात फार. मांस, तेल हे जुनंच. त्यात आमच्या कर्नाटक संगीतातली कंजिरा. फणसाच्या लाकडाचं छोटं कडं, एका बाजूला नाण्यांची झांज, आणि वर चामडं घोरपडीचं. वाजवणारा कलावंत आतून पाण्याचे थेंब चोळतो आणि एका हातात मृदंगाला टक्कर देईल असा घुमारा काढतो, पुदुक्कोट्टैच्या मामुंडिया पिळ्ळैंनी या वाद्याला मैफलीत मानाचं पान दिलं. गोव्यातल्या घुमटाच्या मातीच्या तोंडावरही हेच चामडं ताणलेलं असे. तिथल्या वादकांनी शेळीचं चामडं वापरून नाद जमवला आणि २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मानाने मिरवू लागलं. इकडेही शेळीच्या चामड्याची कंजिरा वाजू लागली आहे, आणि माझ्या कानाला ती गोड लागते. पण खरा संताप येतो तो ‘हत्था जोडी’चा. धन येईल, कोर्टातला दावा जिंकाल असं सांगून जोडल्या हातांच्या आकाराचं एक वाळकं मूळ विकलं जातं, दुर्मीळ वनस्पतीचं म्हणून. २०१७ साली तपासात उघड झालं की ते मूळबीळ काही नाही, नर घोरपडीचं कापून वाळवलेलं लिंग आहे. देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहणाऱ्या भाबड्या माणसाला याची कल्पनाही नसते.

ही घोरपड अंडी कुठे घालते ठाऊक आहे? पुष्कळदा वारुळात. वॉल्टर आउफेनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर १९९४ मध्ये भलंमोठं पुस्तक लिहिलं, त्यात तिच्या विणीच्या तऱ्हा बारकाईने दिल्या आहेत. मादी भुसभुशीत जमिनीत किंवा वाळवीच्या वारुळात खड्डा करते, वीसेक अंडी घालते, माती ओढून बुजवते, आणि कधीकधी आजूबाजूला दोन-चार खोटे खड्डेही उकरून ठेवते, म्हणजे अंडीचोर फसावा. वाळवी आपलं घर मोडलेलं सहन करत नाही, ती लगेच डागडुजी करते आणि अंडी आत बंद होतात. वारुळात ऊब आणि ओल दोन्ही वाळवीच सांभाळते. मग साडेपाच ते आठ महिन्यांनी पिल्लं निघतात. आणि सुरिनामच्या रानात टेगूचा एक सोनेरी भाऊबंद आहे, तोही वाळवीच्याच घरट्यात अंडी घालतो! दहा कोटी वर्षांची ताटातूट, मधे महासागर, आणि दोघींना बाळंतपणासाठी तीच दाई सापडावी.

म्हणून परसात वारूळ असेल तर घर बांधताना घाईने पाडू नका, आमच्याकडे बायका तसंही नागपंचमीला त्याला दूध-हळद वाहतात. पावसाळ्यानंतर त्याच्या कुशीला बोटभर जाडीचं भोक दिसलं आणि वीतभर ठिपक्यांची पिल्लं झाडावर चढताना दिसली, तर ती विषारी नाहीत, मुलांना लांबून दाखवा. मोठी घोरपड चुकून घरात शिरली तर काठी उगारू नका. कुत्रं बांधा, मागचं दार उघडं ठेवा, सगळे एका खोलीत जा. बहुतेक वेळा ती आल्या वाटेने जाते, आणि नाहीच गेली तर वनखात्याला फोन करा.